मायसाठी रेडिएटर

रेडिएटर हा शब्द मी वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत फक्त ट्रकवाल्यांच्या तोंडी ऐकला होता. तो तिथेच राहिला असता तर आज माझ्या मिशा जागेवर असत्या. मी शहाद्याच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. म्हसावदला राहतो, रोज जाऊन-येऊन करतो. गावात मला नवनीत सर म्हणतात, म्हणजे परवापर्यंत म्हणायचे. हल्ली मागून काय म्हणतात ते मला ऐकू येतं, पण ते मी इथे लिहिणार नाही.

सुरुवात नंदुरबारच्या डॉक्टरांनी केली. त्यांनी मायचे कागद पाहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "वय अठ्ठ्याहत्तर. हृदयाची झडप गेलीय. ऑपरेशन सोसणार नाही. त्यांना काय खावंसं वाटतं ते खाऊ द्या." या शेवटच्या वाक्याचा अर्थ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. माझी बायको चेतना येताना वाटभर खिडकीकडे तोंड करून बसली. माय मागच्या सीटवर शांतपणे बोरं खात होती.

घरी आल्यावर मी आवाजात जमेल तितका गोडवा आणून विचारलं, "माय, तुले काय खावासं वाटस?"

मला वाटलं, मांडे म्हणेल. फार तर भरीत म्हणेल.

"खावानं काय नही," माय म्हणाली. "माले त्या गाडीमा बसनं शे. एक डाव."

ती गाडी म्हणजे आमच्या आप्पांची. आप्पा, म्हणजे माझे वडील रतिलाल, जिनिंग फॅक्टरीत मॅनेजर होते. सुरतेच्या एका पारशी बाईंकडून त्यांनी एक्क्याऐंशी साली ती आणली. विलायती बनावटीची, लाल, दोन सीटांची, बिनटपाची, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. रोज संध्याकाळी साडेपाचला आप्पा गॉगल लावून त्यात बसायचे, शहादा नाक्यापर्यंत जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. एकटे. शेजारची सीट रिकामी. मायनं कधी विषय काढला तर आधी म्हणायचे, ओट्यावर तुझे सासरे बसलेत, उघड्या गाडीत पदर उडेल, बरं दिसेल का? मग सासरे वारले, तेव्हापासून म्हणायला लागले, उद्या बसू. तो उद्या आप्पा जाईपर्यंत उगवला नाही. आप्पा जाऊन सहा वर्षं झाली आणि तेव्हापासून गाडी खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, कापसाच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाशेजारी, ताडपत्रीखाली पडून होती.

माझी चांगली चार दारांची, एसी असलेली मोटार ओट्यासमोर उभी होती. ती मी मायला दाखवली. मायनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ताडपत्री काढली. इंजिन फिरत होतं, हे एक आश्चर्य. पण पाणी घातलं की समोरच्या जाळीतून सतरा धारा लागत होत्या. बातमी गल्लीत पसरायला किती वेळ लागावा? दहा मिनिटांत आमचे शेजारी रूपचंदभाऊ हजर. ते एस.टी.त कंडक्टर होते. इंजिनाशी त्यांचा संबंध त्यावर पाय ठेवून बसण्यापुरता, पण यंत्राविषयी बोलताना त्यांचा आवाज पार विभागीय अभियंत्याचा होतो.

"सर, मन्हं ऐका. हळद टाका पानीमा. बत्तीस वरीस काढात मी एस.टी.मा. हळद टाकी का भोकं बंद."

दुसरा म्हणाला, बेसन टाका. तिसऱ्यानं अंडं सुचवलं. आमच्या घरात अंडं येत नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यावर रूपचंदभाऊंनी निर्णय दिला की अंडं गाडीला घालायचं आहे, घराला नाही, त्यामुळे विटाळ लागत नाही. मी त्यांना सांगितलं की हा शास्त्राचा विषय आहे, तो शास्त्राच्या पद्धतीनं हाताळला जाईल. ते "बरं" म्हणाले. असलं "बरं" माणसाच्या जिव्हारी लागतं.

शास्त्राच्या पद्धतीनं मी आधी कागदपत्रं हातात घेतली. गाडी अजून आप्पांच्या नावावर. ती वारसांच्या नावावर करायला मी मायला घेऊन एका कार्यालयात गेलो. कोणत्या, ते विचारू नका, अजून माझी तिथे कामं आहेत. खिडकीतल्या गृहस्थांनी फाइल चाळली.

"मालक मयत?"

"हो."

"पत्नी हयात?"

"या काय शेजारी उभ्या आहेत."

"हं. मग अवघड आहे. पत्नी हयात असल्यावर त्यांचा एक अर्ज, तुमचा एक अर्ज, दोन प्रतिज्ञापत्रं, शिवाय त्यांना तपासणीच्या दिवशी हजर ठेवावं लागेल. नंतर आलात तर एकाच अर्जात होऊन जाईल. घाई नसेल तर नंतरच या."

मायनं काठीवर भार देऊन खिडकीत डोकं घातलं. "नंतर म्हंजे कधी भाऊ?"

गृहस्थ कागद शोधायला आत गेले ते आमच्या बसायच्या बाकाचा लाकडी दांडा आम्हाला पाठ होईपर्यंत बाहेर आले नाहीत. शेवटी मी ठरवलं की सरकारी डांबराला चाक लावायचंच नाही. आपल्या खळ्यातून निघायचं, शेताच्या वाटेनं कालव्याच्या पाटचारीपर्यंत जायचं आणि परत यायचं. तिथे कोण कागद विचारतो?

आता राहिला रेडिएटर. शहाद्यातल्या दोघा मेकॅनिकांनी गाडीचा फोटो पाहूनच हात जोडले. तिसऱ्यानं सांगितलं, अक्कलकुव्याला हायवेवर वीरसिंग म्हणून आहे, ट्रकचे रेडिएटर करतो, तो करेल तर करेल. मी सुट्टी टाकून गेलो. कडुलिंबाखाली पत्रा टाकलेलं दुकान, भिंतीला फाटके रेडिएटर टांगलेले. वीरसिंग वरच्या डोंगरातला, चाळिशीचा, कमी बोलणारा. मी त्याला गाडीचा इतिहास, पारशी बाई, आप्पांचा गॉगल, भारतातल्या जुन्या मोटारींची परंपरा, सगळं अर्धा तास सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"पाणी कुठून आत जातं आन कुठून बाहेर येतं, तेवढं सांगा," तो म्हणाला.

रविवारी तो मोटारसायकलच्या मागे एका लहान मालवाहू टेम्पोचा रेडिएटर बांधून म्हसावदला आला. आधी जुना सोडवला. तो उलटा केल्यावर त्यातून पिवळा गाळ भसाभसा बाहेर पडला, पडतच राहिला.

"हळद शे ही," वीरसिंग म्हणाला. "किलोभर तरी व्हई. गाडीचं लगीन लावलं व्हतं का?"

रूपचंदभाऊ कुंपणापलीकडे उभे होते. ते म्हणाले की रतिलालदादांना आपणच सांगितलं होतं. आणि मान खाली न घालता म्हणाले.

टेम्पोचा रेडिएटर जुन्यापेक्षा चार बोटं उंच आणि वीतभर रुंद निघाला. जुन्याचे कान कुठे, नव्याचे कान कुठे. मध्ये लोखंडी अँगलच्या पट्ट्या करून तो टांगावा लागणार होता. आता मापं घेणं हा माझा प्रांत. मी वर्गातली मोठी मोजपट्टी आणली आणि चार पट्ट्यांचा असा सुबक आराखडा काढला की बोर्डाच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले असते. कोपऱ्यात प्रमाण लिहिलं, एकास चार. उत्तर दिशाही दाखवली, सवयीनं. कागद वेल्डिंगवाल्याकडे पाठवला. त्या सज्जनानं कागदावर लोखंड ठेवलं, रेघेवर रेघ जुळवली आणि कापलं. संध्याकाळी पट्ट्या आल्या त्या आगपेटीएवढ्या.

वीरसिंगनं एक तळहातावर ठेवून पाहिली. "सर, ह्या खेळन्याच्या गाडीले बसतील."

तो हसला नाही. हसला असता तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यानं सुतळीनं माप घेऊन, सुतळीला गाठी मारून, स्वतः पट्ट्या करून आणल्या. त्या बसल्या. बसल्या म्हणजे बॉनेट लागेना. चार बोटं उंचीचा प्रश्न कुठे जाणार होता? शेवटी बॉनेट काढून भिंतीला टेकवलं. टप नव्हताच, आता बॉनेटही नाही. आप्पांची गाडी दातांच्या डॉक्टरापुढे बसलेल्या माणसासारखी आ वासून उभी राहिली.

या सगळ्यात माय रोज एकदा काठी टेकत खळ्यापर्यंत यायची. आठवड्यापूर्वी ती न थांबता यायची, आता वाटेत दोनदा बसायची. "व्हयनं का?" विचारायची. मी म्हणायचो, "व्हस माय, उद्या." दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा माझी जीभ मलाच चावली. मग मी उद्या म्हणायचं बंद केलं.

मंगळवारी पहिली चाचणी घेतली. वीरसिंगनं सांगितलं होतं, झाकण उघडू नका. मी फक्त पाहत होतो, झाकण घट्ट आहे की नाही. एवढंच. वाफ बाहेर आली ती सरळ माझ्या वरच्या ओठावर. डॉक्टरांनी मलम लावण्याआधी न्हाव्याला बोलावलं आणि तीस वर्षं जपलेल्या मिशा पाच मिनिटांत साफ झाल्या. आरशात मला मी दहावीतला दिसलो, फक्त सुजलेला.

वीरसिंगनं निदान केलं की टेम्पोच्या रेडिएटरच्या नळ्या आतून क्षारानं भरल्यात, तो सोडवून सोड्याच्या पाण्यात उकळवावा लागेल. खळ्यात पऱ्हाट्या, तिथे विस्तव नको. चेतनानं सांगितलं, तो सोडा माझ्या स्वयंपाकघरात आला तर मी माहेरी जाईन. म्हणून बुधवारी सकाळी गाडी ढकलत घरापुढे आणली आणि दारातच तीन विटांची चूल मांडली. वीरसिंगनं यादी दिली: गवऱ्या, रेडिएटर टांगून धरायला दोन बांबू, सुतळी, आणि उघड्या इंजिनावर धूळ पडू नये म्हणून तीन मीटर पांढरं मांजरपाट.

मी अनवाणीच अमृतभाईंच्या दुकानात धावलो. त्यांच्याकडे सुईपासून बांबूपर्यंत सगळं मिळतं. त्यांनी यादी वाचली. मग माझ्या ओठाकडे पाहिलं. मग पायांकडे.

"भिकुजिजीसाठी?" त्यांनी हळूच विचारलं. मायला गावात भिकुजिजी म्हणतात.

"त्यांच्यासाठीच हो, दुसरं कोणासाठी करतो मी एवढं?"

त्यांनी बांबू स्वतः निवडून दिले, सरळसोट. मी वळल्यावर त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. सकाळी सव्वाआठला हे जेवायला निघाले की काय, असं माझ्या मनात येऊन गेलं.

घरी मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होतं. चेतनानं वीरसिंगच्या हत्यारांसाठी सतरंजी अंथरली होती. थोड्या वेळानं तिच्यावर गल्लीतली माणसं येऊन बसू लागली. कुणी बोलेना. पांढऱ्या टोप्या वाढत चालल्या. इतका लोकांना यंत्राविषयी आदर आहे हे पाहून मला खरोखर भरून आलं, आणि सोड्याच्या वाफेनं डोळ्यांत पाणी होतंच. रूपचंदभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांनी सल्ला दिला नाही.

मग गल्लीच्या तोंडाशी कळसाडीचा टेम्पो थांबला आणि बायकांचा हंबरडा ऐकू आला. पुढे माझी सिंधुमावशी, मायची कळसाडीला दिलेली धाकटी बहीण, कपाळ बडवत.

"मन्ही बहीन वं... माले टाकीसन कोठे गयी वं... गाडीवालानी रानी वं..."

मी हातात पाना घेऊन उभा. आणि दार उघडून, काठी टेकत, माय बाहेर आली.

"कोन गयं वं सिंधू?"

रडणं मध्येच तुटलं. सतरंजीवरचा एक माणूस उठला, पुन्हा बसला. मावशीनं मायकडे पाहिलं, माझ्या उघड्या ओठाकडे पाहिलं, बांबू पाहिले, मांजरपाट पाहिलं, पातेलं पाहिलं, आणि मट्‌कन खाली बसली. आमच्याकडे पाणी दारात कधी तापवतात आणि मुलाच्या मिशा कधी काढतात, हे गावातल्या लहान पोराला विचारा. मला भूगोलाच्या मास्तराला कळायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. मायला माझ्याआधी कळलं.

लाज म्हणजे काय असते हे मी त्या क्षणी सविस्तर सांगू शकलो असतो. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण माय ओट्याच्या पायरीवर बसली आणि तिनं हातानंच मला थांबवलं.

"रड सिंधू," ती म्हणाली. "उनी शे तर रडी ले. मंग माले आयकू येनार नही."

मावशी तिच्या पायांशी सरकली. आधी नुसते हुंदके, मग शब्द. मायचे मांडे कसे रुमालाएवढे पातळ व्हायचे, तिनं चार नणंदांची लग्नं कशी काढली, सासऱ्यांचं अंथरूण कसं सात वर्षं धुतलं. माय ऐकत होती, मान हलवत होती, एखाद्या ठिकाणी "पाच वरीस" म्हणून दुरुस्तही करत होती. "गाडीवालानी रानी" पुन्हा आलं तेव्हा तिनं मावशीच्या तोंडावर हात ठेवला.

"ते सोड. त्या गाडीमा माले कोनी बसाडं नही."

सतरंजीवरच्या टोप्या खाली झुकल्या. 

वीरसिंगला या कशाशी देणंघेणं नव्हतं. तो उकळलेला रेडिएटर धुऊन, बांबूला टांगून, बोल्ट आवळत होता. तासाभरानं तो हात पुसत आला. "फिट झालं. पन आयका सर, हळू चालवू नका. ह्याला पुढून वारा लागतो. रेंगाळलात का तापनार."

चेतना आणि मावशीनं मायला उचलून खाली, अगदी खाली, त्या सीटवर बसवलं. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि पदर दोन पिनांनी घट्ट केला होता. मी गाडी सुरू केली. पण आलेली माणसं जाणार कुठे? कळसाडीहून, गल्लीतून, कामं टाकून आलेली. आणि अशा वेळी पुढे चालायची त्यांना सवय. तीस-चाळीस पांढऱ्या टोप्या माना खाली घालून गाडीपुढे चालू लागल्या, मागून बायकांचा टेम्पो. वाटेत कुणी दुकानातून उठून उभं राहिलं, हात जोडले. माय त्यांना हात जोडून नमस्कार करत होती. एका म्हाताऱ्याच्या हातातली पिशवी पडली. मी वडिलांच्या वयाच्या माणसांना हॉर्न कसा वाजवणार? काटा वर सरकत होता आणि मी पहिल्या गिअरात घामाघूम.

शेताची वाट लागली तशी वीरसिंगनं मोटारसायकल पुढे घातली आणि ओरडून सगळ्यांना बाजूला केलं. मी गिअर बदलला. पाटचारीचा सरळ रस्ता, दोन्हीकडे ऊस. गाडीनं वेग घेतला. पिना सुटल्या आणि मायचा पदर उडाला. तिनं तो परत घेतला नाही. मायचं उघडं डोकं मी आयुष्यात प्रथमच दिवसाउजेडी पाहिलं. केस अगदी विरळ झाले होते.

किलोमीटरभर गेलो असू. मोरीपाशी काटा लाल झाला, पुढून वाफेचा लोट उठला आणि इंजिन बंद पडलं.

"थांबनी?" मायनं विचारलं.

"थांबनी माय. पानी तापनं."

तिनं आजूबाजूला पाहिलं. "तुन्हा बाप रोज कोठे जाये?"

"नाकापावत."

"तठे काय करे?"

"च्या पिये. मंग परत ये."

"एकलाच?"

"एकलाच."

मायनं सीटवरून हात फिरवला, समोरच्या फळीवरून फिरवला, दाराची कडी एकदा वर केली, एकदा खाली केली.

"माले वाटे, काय व्हई न काय नही," ती म्हणाली. "इतलंच व्हतं व्हय?"

 आप्पा गेले तेव्हा माय रडली नव्हती. लोकांनी तेव्हा नावं ठेवली होती, दगडाच्या काळजाची म्हणाले होते, मीही मनातून थोडा म्हणालो होतो. ती आता रडायला लागली. तोंडावर पदर न घेता, मोठ्यानं, तिच्या त्या कामातून गेलेल्या छातीला झेपेल तितकं. मी तिचा हात धरायला गेलो तर तिनं तो सोडवून घेतला. मी आप्पांचाच मुलगा होतो.

मागून माणसं येऊन पोहोचली. कुणीतरी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, "काही नाही, पाणी तापलंय." वीरसिंगनं वाकून पाहिलं आणि सांगितलं, अर्धा तास कुणी हात लावू नका. माणसांनी टोप्या काढल्या आणि ती चारीच्या काठावर ओळीनं बसली. सिंधुमावशी गाडीच्या दाराला टेकून मातीत बसली.  

अर्ध्या तासानं वीरसिंग पाणी घालायला उठला. मायनं डोळे पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि मावशीला म्हणाली, "माले आठेथीन काढ सिंधू. तुमना टेम्पोमा बसाड."

टेम्पोत तेरा बायका होत्या. त्यांनी सरकून तिला जागा करून दिली.